सामान म्हणून माझी नेमणूक

किस्से साठवायला जागा लागत नाही. दोन खोल्यांत संसार केलेल्या माणसाला परवडणारा हा एकच छंद. नोकरीत असताना मात्र मला एकही किस्सा जमला नाही, कारण आमच्या ऑफिसात काही घडतच नसे. घडलंच तर ते पुढच्या टेबलावर पाठवलं जाई. निवृत्त झालो आणि दर रविवारी एक या वेगाने किस्से येऊ लागले. त्यातले बरेचसे माझ्या अंगावर आले. तुम्हाला वाटेल ही बोलण्याची पद्धत आहे. तशी ती नाही.

*

परेरा माझा शाळासोबती. तो फौजेत जाऊन मेजर झाला, मी फोर्टातल्या एका ऑफिसात हेड क्लार्क झालो. निवृत्तीनंतर तो गिरगावातल्या आपल्या घरी परतला आणि त्याने एक वर्ग काढला. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना निवडीसाठी तयार करायचं, तेही फुकट. ही निवड पाच दिवस चालते. लेखी कसोट्या, मुलाखत, मैदानावरची कामं आणि शेवटच्या दिवशी निकाल. आमच्याकडे मैदान नव्हतं. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीचं अंगण होतं, तेही स्कूटर बाजूला सरकवल्यावर.

मी म्हटलं, मदतीला येतो. परेराने सगळ्या वर्गासमोर माझीच मुलाखत घेतली.

"नोकरी किती वर्षं?"

"छत्तीस."

"त्यात स्वतः घेतलेले निर्णय किती?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एक. निवृत्त व्हायचा. पण तोही वयाने घेतला."

"ये तू," परेरा म्हणाला. "पोरांना कळायला पाहिजे कसं व्हायचं नाही ते."

*

मला लेखी सरावाचं काम मिळालं. यात मुलांना एकेक प्रसंग देतात आणि अर्ध्या मिनिटात काय कराल ते लिहायला सांगतात. उदाहरणार्थ, तुम्ही घाटातून जात आहात, पुढचा पूल कोसळला आहे आणि मागून भरधाव बस येते आहे.

मुलांची उत्तरं मला फार उतावळी वाटली. 'शर्ट काढून हलवीन आणि बस थांबवीन.' कोणाच्या परवानगीने? मी तीन रविवार खपून त्यांच्या भाषेला वळण लावलं. चौथ्या रविवारी परेराने वह्या तपासल्या. झाडून सगळ्यांनी कोसळलेला पूल वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिला होता. दोघांनी स्मरणपत्रही पाठवलं होतं.

परेराने वह्या मिटल्या. "सबनीस, बसचं काय झालं?"

"कुठल्या?"

"मागून येणारी."

"ती... विचाराधीन आहे."

"ती दरीत आहे," परेरा म्हणाला, आणि लेखी सराव स्वतःकडे घेतला.

*

राहिली मैदानावरची कामं. अंगणात खडूने नदी काढायची. मंडपवाल्याकडून आणलेल्या दोन फळ्या आणि एक दोर मुलांना द्यायचा. त्यांनी एक जड सामान घेऊन नदी ओलांडायची. खडूच्या आत पाय पडला किंवा सामान टेकलं, की पहिल्यापासून. सामान म्हणून परेराची एक जुनी लाकडी पेटी होती. तिला वाळवी लागली, आणि एका रविवारी ती नदीच्या मध्यावर तळ सोडून गेली.

परेराने इकडे तिकडे पाहिलं. मी हजेरीपट घेऊन उभा होतो.

"सबनीस, वजन किती तुझं?"

"चौसष्ट."

"पेटी साठची होती. चालेल. आडवा हो."

तेव्हापासून मी सामान आहे. नियम दोनच. सामानाने बोलायचं नाही आणि स्वतःहून हलायचं नाही. दोन्हींचा मला छत्तीस वर्षांचा अनुभव होता. पहिल्याच खेपेला चार मुलांनी मला फळीवर घेतलं, दोराने बांधलं आणि पलीकडे न्यायला निघाली. तेवढ्यात आमच्या गॅलरीतून हिचा आवाज आला.

"अरे पोरांनो, ह्यांना डाव्या कुशीवर नका रे धरू. पित्त उसळतं."

पोरं नदीच्या मधोमध थांबली. एकाने परेराला विचारलं, "सर, सामानाला कूस असते का?"

*

आता सायलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतली मुलगी, परळच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. धावण्यात, अभ्यासात, कशातच कमी नाही. पाचही दिवस टिकून ती दोनदा शेवटच्या दिवशी परत आली होती. वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली होती.

तिचा दोष परेराने पहिल्याच रविवारी ओळखला. तिला नेता केलं की ती फळी स्वतः उचलायची, दोर स्वतः बांधायची, आणि बाकीचे तिघे नदीचा देखावा बघत उभे.

"सगळं तूच केलंस तर ह्यांनी काय टाळ्या वाजवायच्या?" परेराने विचारलं.

"सर, सांगत बसण्यापेक्षा केलेलं पटकन होतं."

"सांगायला काय होतं?"

"सवय नाही, सर. आमच्या खोलीत आम्ही सात माणसं. मी सगळ्यांत लहान. सांगणार कोणाला?"

सामान उचलण्याच्या बाबतीत तर ती फारच हळवी. "काका, प्लीज, तुम्हाला त्रास नसेल तर जरा आडवे होता का? नाहीतर राहू दे, बसूनच नेऊ." दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत तीनदा "सॉरी हां, काका." मला अर्थातच तीच सगळ्यांत आवडायची. परेरा म्हणाला, "तुला आवडते, हाच प्रॉब्लेम आहे."

*

मग परेराने एक युक्ती काढली. निवडीत एक काम असं असतं की उमेदवाराने दोन मदतनीस घ्यायचे आणि त्यांच्याकडून अडथळा पार करून घ्यायचा. सायलीला मदतनीस म्हणून मी. परेराने मला बाजूला घेऊन सांगितलं, "जमेल तेवढा नालायकपणा कर. चुकारपणा, वाद, सबबी. तिला हुकूम सोडायला लाव."

मला सरावाची गरज पडली नाही.

सायली म्हणाली, "काका, ती फळी जरा देता?"

"कोणती? आणि आत्ताच का?"

"ती लांब. म्हणजे, प्लीज."

"माझी पाठ धरलीय. शिवाय ते माझं काम नाही. दुसऱ्याला सांगून बघ."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ओरडेल. तिने जाऊन फळी स्वतः आणली, आणि मला बसायला खुर्चीही आणली. परेराने शिट्टी वाजवून काम थांबवलं. मी खुर्चीवर बसलो होतो. उठावं की नाही ते समजेना, कारण खुर्ची खरंच बरी होती.

*

तिच्या निवडीला आठ दिवस उरले असताना तिच्या घरच्यांना नव्या टॉवरमध्ये घर मिळालं आणि चाळीतली खोली रिकामी करायची वेळ आली. परेरा आणि मी मदतीला गेलो. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. वडील, दोन काका, तीन शेजारी आणि मेजर परेरा. प्रत्येकाची योजना वेगळी.

"तिरकं करा."

"आधी उभं करा."

"मेजरसाहेब, आमचा जन्म ह्या जिन्यात गेला."

"ग्रॅव्हिटी कुठल्याही जिन्यात खालीच असते," परेरा म्हणाला.

अर्धा तास कपाट तिथेच. सायली नेहमीप्रमाणे एकटीच खालचा कोपरा धरून होती. अचानक तिने कोपरा सोडला, हात झाडले आणि म्हणाली, "बाबा, दोर वरून सोडा. काका, तुम्ही दोघं कपाटाची दारं काढून घ्या. सर, तुम्ही खाली पाचव्या पायरीवर, आणि बोलू नका."

परेरा पाचव्या पायरीवर जाऊन उभा राहिला. बोलला नाही. कपाट पाच मिनिटांत खाली.

सगळ्यांना कामं मिळाली, मी राहिलो. मी विचारलं, "आणि मी?"

तिचा चेहरा एकदम पहिल्यासारखा झाला. "तुम्ही... तुम्हाला जमेल ते, काका. पाठ सांभाळा."

*

निवडीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी परेराचा फोन आला. "झाली पोरगी सिलेक्ट," एवढंच म्हणाला आणि नाक शिंकरू लागला. सर्दी झाली असावी.

मुलाखतीत तिला विचारलं होतं म्हणे, हुकूम द्यायला सगळ्यांत अवघड माणूस कोण गेला. तिने सांगितलं, "एक निवृत्त हेड क्लार्क, सर. अजून जमलेलं नाही." मुलाखत घेणारे हसले, असं परेराने मला सांगितलं. मी ते आमच्या वाडीत सहा घरी सांगितलं.

*

प्रशिक्षण पुरं करून, लेफ्टनंट होऊन, सुट्टीवर आलेली सायली मागच्या महिन्यात वर्गाला भेटायला आली. ती युनिफॉर्ममध्ये येईल अशा समजुतीने मी नवा पांढरा शर्ट घातला होता आणि दोन पानी भाषण लिहून खिशात ठेवलं होतं. ती साध्या जीन्समध्ये आली. परेरासमोर ताठ उभी राहिली. परेराही ताठ उभा राहिला. मग ती वाकून माझ्या पाया पडली आणि हिला गॅलरीत हात केला.

नवी मुलं अंगणात रांगेत उभी होती. खडूची नदी काढलेली, फळ्या मांडलेल्या. परेरा म्हणाला, "लेफ्टनंट, ह्यांना एकदा करून दाखव."

मी घसा खाकरून भाषणाचा कागद बाहेर काढला.

सायलीने नदी पाहिली, फळ्या पाहिल्या, दोर हातात घेऊन ओढून पाहिला. मग माझ्याकडे वळली.

"काका, आडवे व्हा."

रात्री पाऊस पडून गेला होता, अंगणात चिखल होता. गॅलरीतून हिचाही आवाज आला नाही.

मी आडवा झालो.