ट्रायलला गेलेली गाडी

परवा उन्हात तापलेल्या रेक्झिनच्या सीटचा वास आला आणि मला कामोठ्यातली ती दुपार आठवली. मोठी बाइक घ्यायची म्हणून मी माझी छोटी गाडी विकायला काढली होती. जवळच्या दिवाळे गावचा एक कोळी ती बघायला आला. आरसी बुक आणायला मी वर गेलो आणि खाली आलो, तर गाडी नाही, तो नाही आणि माझी चार वर्षांची सईही नाही.

"ट्रायलला गेले. सई हट्टानं टाकीवर बसली," वॉचमन म्हणाला.

मी त्या माणसाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. हायवेपर्यंत मी धावत सुटलो, प्रत्येक गाडीवर सईचा पिवळा फ्रॉक शोधत.

अर्ध्या तासाने तो गाडी ढकलत येताना दिसला. सई सीटवर होती, डोक्यावर त्याचा रुमाल.

"दादा, पेट्रोल संपला. पोरीला ऊन लागंल म्हनून..."

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. सईला ओढून घेतलं आणि भर रस्त्यात त्याला चोर म्हणालो. तो मान खाली घालून निघून गेला.

परक्याचं लेकरू घेऊन येताना तोही माझ्याइतकाच घाबरला असेल, हे आता कळतं. विकायच्या गाडीत कशाला पेट्रोल भरा, असा विचार मीच केला होता.