भोक पाडलेली खोळ

"आधी उघडू, मग बोलू," असं म्हणून ती अंबाड्यात खोचलेला स्क्रूचा पेचकस उपसायची. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या एका सोसायटीच्या कचेरीत मी शिपाई होतो. कॉम्प्युटर बिघडला की दुर्गच्या पद्मनाभपुरातून ही पोरगी लुनावर यायची. कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना आम्ही सगळे देवळात शिरल्यासारख्या चपला बाहेर काढायचो. ही चपलेसकट आत.

एका उन्हाळ्यात मशीन रोज दुपारी आपोआप बंद पडू लागलं. साहेबांनी ठरवूनच टाकलं, "हा चौथी शिकलेला झाडताना काहीतरी हलवतो." मला काढायचा कागद टाइप होऊन पडला होता. फक्त हिच्या रिपोर्टाची वाट.

"काका, हात लावला होता का?"

"पोरी, मी त्याच्याकडे पाहत बी नाही."

"मंग कावून घाबरून राहिले?"

तिनं डबा उघडला, मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. वर नेहमीची खोळ चढवून भर दुपारी मशीन चालू केलं. अर्ध्या तासात पडदा काळा. मग तिनं खोळ उतरवली आणि स्टूल ओढून बसली. कचेरी सुटेपर्यंत मशीन चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा खोळ घातली. अर्ध्या तासात बंद! मागच्या पंख्याचं तोंडच खोळीनं दाबलं होतं. डबा तव्यासारखा तापलेला.

ती मखमली खोळ माझ्या बायकोनं शिवलेली.

साहेब खुश. "लिही, शिपायाची चूक."

"खोळ शिवायले सांगितली कोणं?"

तिनं भिंतीकडे बोट केलं. प्लांटची लाल धूळ आत जाईल म्हणून चालू मशीनचीही खोळ मागून उचलायची नाही, हा साहेबांच्याच सहीचा हुकूम तिथं लावलेला होता. तिनं तो शब्दन् शब्द रिपोर्टात उतरवला.

"इथं पुन्हा काम मिळणार नाही तुला."

"नका देऊ, साहेब. खोटं नाही लिहत मी."

जाताना कात्रीनं खोळीला मागून गोल भोक पाडलं आणि माझ्या हातात दिली. "काकूले म्हणा, काठ तेवढा शिवून द्या."

माझी नोकरी राहिली. तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही. बायकोनं लाल दोऱ्यानं काठ शिवला. पोरगी आली की द्यायला एक खणही काढून ठेवला. तो पेटीतच राहिला.

मशीन भंगारात गेलं. बायकोही गेली. सून म्हणते, भोकाचं फडकं कशाला सांभाळता? फेकून तर दाखव, म्हणालो. त्या भोकातून माझा हात अजून आरपार जातो, आणि काठाचा एकही टाका सुटलेला नाही.