डिक्कीतून आलेले पऱ्हे

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या संगीताचं माहेर पोंभुर्ण्याजवळ, वैनगंगेच्या काठी. पुरात तिच्या आईचे, शांताबाईंचे, धानाचे पऱ्हे वाहून गेले; पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली रोपं. मी पैसे देऊ केले. ती म्हणाली, "पैशानं आता रोपं थोडीच उगवणार? धानोऱ्याकडे आमच्या ओळखीच्या देवाजीभाऊंकडे उरलीत. आणतेस?" तिला रजा नव्हती. शनिवारी पहाटे मी एकटीच गाडी काढली.

नागपूरहून नागभीड-आरमोरीमार्गे गडचिरोलीला चार तास लागतात. तिथे तर्रीपोहे खाल्ले. तीस रुपयांत पोट भरलं आणि डोळेही. पुढे धानोऱ्यापर्यंत जंगल आहे, मोबाइलला रेंज नसते, तेव्हा वाट आधीच विचारून घ्या.

देवाजीभाऊंनी सकाळीच रोपं उपटून पेंढ्या बांधल्या होत्या. पैशाचं विचारल्यावर त्यांनी असं पाहिलं की मी मुकाट्याने पर्स आत ठेवली. डिक्की अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधत ते म्हणाले, "मुळाले पानी अन् पेंढीले वारा. एवढंच ध्यानात ठेव, बाई."

ठेवलं होतं हो. पण शांताबाईंकडे जाताना मूल गावच्या रस्त्याला पाऊस कोसळला आणि माझ्यातली शहाणी जागी झाली. रोपं भिजतील म्हणून मी त्यांना प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं आणि डिक्की लावून टाकली. चिखलात जन्म काढणाऱ्या धानाला मी पावसापासून वाचवत होते!

दुपारी पोचले. शांताबाईंनी पेंढीत हात घातला. पेंढ्या गरम, शेंडे पिवळे. बांधी, म्हणजे त्यांचं शेत, चिखलून तयार होती, रोवणाऱ्या बाया बांधावर बसून होत्या आणि गावात कोणाकडेच जास्तीचे पऱ्हे नव्हते. मला रडू फुटलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"ताप आला यांले," त्या म्हणाल्या. "पान्यात उभे ठेवू. उद्या पाहू."

बायांना घरी पाठवून त्यांनी मला भात आणि अंबाडीची भाजी वाढली. वर आग्रहही करत राहिल्या.

सकाळी निम्म्याहून जास्त पेंढ्या ताठ झाल्या होत्या. रोवणी सुरू झाली. मेल्यासारख्या दिसणाऱ्या पेंढ्या मी फेकायला उचलल्या, तर शांताबाईंनी माझा हात धरला. "काऊन फेकतं? इथी कोपऱ्यात लाव. तुह्या हातानं." माझ्या वाकड्या ओळी बघून बाया पोट धरून हसल्या, आणि थोडी मीही.

नागपूरला येऊन डिक्की दोनदा धुतली, तरी चिखलाचा वास जात नाही. कोणी असं जाणार असाल तर ओली पोती न्या, प्लॅस्टिक घरीच ठेवा. आणि काय हवंय ते आधी विचारा. मी मदत करायला गेले होते, पण सांभाळून घेतलं ते मलाच.

दहा दिवसांनी शांताबाईंचा फोन आला. बांधी हिरवी झाली होती. माझ्या कोपऱ्याचं विचारायचा मला धीर होईना, तेव्हा त्यांनीच सांगितलं, "तुहे अर्धे मेले, बाई. जगले ते वाकडेच हायेत. मी काई सरळ करत नाई त्याइले. कापाले ये."