बर्था आंटीच्या मागच्या बाया

अंधेरीच्या आमच्या गावठाणात लग्नाच्या आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरानवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला निघायच्या, तेव्हा सगळ्यांच्या पुढे बर्था आंटी. आवाज असा खणखणीत की बँडवाल्यांनी मुकाट बाजा खाली ठेवावा. ती एक ओळ म्हणायची आणि गप्प व्हायची. उत्तराची ओळ मागच्या बायांची; पुढे गाणारीने ती म्हणायची नसते, हा आमचा रिवाज. मागच्यांत तिची जिवाची मैत्रीण व्हॅलेन्सिया. दोघींचं भांडणाशिवाय पान हलत नसे.

आता डीजे आलाय, त्याला उत्तर लागत नाही. व्हॅलेन्सिया गेली. बाकीच्या कोणी वसईला मुलांकडे, कोणी थेट देवाघरी. आंटी एकटी उरली. दिसेल त्याला ती चहाला बसवते, म्हणून लोक दुसऱ्या गल्लीने जातात. मेली माणुसकीच उरली नाही.

मग विद्यापीठातला प्रांजल आला. भाषा, संगीत आणि संगणक असे तीन विभाग मिळून या गाण्यांवर संशोधन करत होते. आंटीने त्याला आधी पोटभर जेवू घातलं, मग गायली. एक ओळ, मग मान डोलवत थांबणं, मग तिची पुढची ओळ.

"आंटी, मधल्या ओळीपण म्हणा ना."

"त्या माझ्या नाहीत रे. त्या बायांच्या."

महिन्याभराने तो तयार गाणं ऐकवायला आला. मी तिथेच होतो. आंटीच्या ओळी एकीला एक चिकटून धावत होत्या. तिचा चेहराच पडला.

"माझ्या बाया कुठे गेल्या?"

"बाया नव्हत्याच ना, आंटी. मध्ये नुसती शांतता होती. ती मशीनने काढून टाकली."

"शांतता कसली? व्हॅलेन्सिया गात होती तिथे!"

पोरगा शहाणा. वाद न घालता त्याने मूळ रेकॉर्डिंग लावलं. आंटीची ओळ आली, मग नुसती पंख्याची घरघर. आंटी डोळे मिटून ऐकत होती. दुसरी ओळ आली, पुन्हा घरघर. तिसऱ्या ओळीनंतर तिला राहवलं नाही. तिने तोंड उघडलं आणि आपल्याच आवाजाला आपणच उत्तर दिलं.

प्रांजलने घाईघाईने रेकॉर्डर काढला, तसा तिने त्याचा हात धरला.

"हे घालू नको हां त्यात. लोकांना वाटेल, बाई एकटीच होती."