जाळीवर राहिलेला भुसा

बेंगळुरूला समुद्र नाही आणि मी इथे बसून समुद्राचा अभ्यास करते, याचं लोकांना हसू येतं. मलाही कधीकधी येतं. त्या वर्षांत मी दर महिन्याला कारवारला जायची, मचव्यातून आत जाऊन पाणी भरायची आणि सकाळच्या गाडीने यशवंतपूरला उतरायची. हमाल बर्फाचं खोकं उचलताना विचारायचा, "एनु अक्का, मीना?" मासे नाहीत, नुसतं पाणी आहे म्हटलं की तो आधी खोक्याकडे आणि मग माझ्याकडे बघायचा. पुढे हेब्बाळच्या प्रयोगशाळेपर्यंत रिक्षात खोकं मांडीवर धरून मी डोळे मिटायची. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मी आपली डुलतच असायची.

हवेतला नायट्रोजन पकडून त्याचं खत करणारे सूक्ष्मजीव किनाऱ्याजवळच्या पाण्यात किती काम करतात, ते आम्ही मोजत होतो. तुरी-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत जे चालतं, तेच इथे पाण्यात. माझ्या सरांचा उभा जन्म एकाच गोष्टीवर गेला होता. आपला किनारा नुसता नद्यांच्या गाळावर जगत नाही, स्वतःचं खतही तो स्वतः तयार करतो, असं ते म्हणत. सर इथल्याच जुन्या मराठी घरातले, प्रत्येक वाक्यात एखादा कन्नड शब्द ठरलेला. "स्वल्प धीर धर, सापडेल," म्हणायचे. सापडलं नाही. तीन वर्षं आकडे शून्याच्या आसपासच रेंगाळले. निवृत्त होताना सरांनी शेवटचा शोधनिबंध लिहिला आणि त्यात स्वच्छ मान्य केलं की आपलं म्हणणं चुकीचं होतं. मला त्या वेळी त्यांचं फार कौतुक वाटलं होतं.

आता जाळीबद्दल. मी मूळची पुण्याची, आणि टापटिपीच्या बाबतीत आमचं घराणं जरा जास्तच. काड्या नकोत, माशांची अंडी नकोत, कचरा नको, म्हणून मचव्यावर मी पाणी आधी बारीक जाळीतून गाळून घ्यायची. ती कल्पना माझीच. उन्हाळा जवळ आला की पाण्यावर पिवळट-तपकिरी थर धरतो. मचवेवाला त्याला भुसा म्हणायचा. तो टाकू नका, समुद्र त्याच्यावर पोसतो, असं त्याने मला एकदा सांगितलंही होतं. मी हसले होते आणि जाळी झटकली होती. शिकलेल्या माणसाला असं हसू लवकर येतं.

सर निवृत्त झाल्यावर वर्षाने, एका मार्चमध्ये, जाळी वाळून कडक होऊ नये म्हणून मी ती न झटकताच समुद्राच्या पाण्याच्या बाटलीत बुडवली आणि ती बाटली बर्फात न ठेवता खांद्याच्या पिशवीत टाकली. प्रयोगशाळेत खिडकीपाशी ठेवली आणि विसरले. दोन दिवसांनी पाहते तर पाणी गुलाबी. मी आधी चिडलेच, कुणीतरी रंग सांडला म्हणून. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

शेवयांच्या जुड्यांसारखे धागे होते. पुष्कळसे फिकट पडून विरघळत होते, त्यांचाच तो गुलाबी रंग. काही मात्र अजून एकमेकांवरून हळूहळू सरकत होते, कुठेही पोचायची घाई नसल्यासारखे. त्यांच्या अंगावर, जुडीच्या पोटात, फटीफटीत दुसरे असंख्य जीव. कुणी चिकटून बसलेले, कुणी उगाच येरझारा घालणारे. एक आख्खी वाडी नांदत होती. बाहेर उड्डाणपुलावरच्या गाड्यांचा आवाज कधी थांबला, मला कळलं नाही. मला वाटलं, मीही इवलीशी होऊन त्या धाग्यांवरून चालते आहे आणि पायाखाली कोमट पाणी आहे. किती वेळ तशी बसले कोण जाणे.

मग लक्षात आलं, हा तर जाळीवरचा भुसा. नायट्रोजन पकडणारे ते हेच होते. तीन वर्षं मी जेवणारे मोजले आणि रांधणारे कचरा म्हणून फेकून दिले.

बाटली ओतून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. मी ती सिंकवर धरलीही. मग खाली ठेवली आणि सरांना फोन केला. येता का विचारलं, तर कारण न विचारता कन्नड होकार देत "सरी, येतो," म्हणाले. दुपारीच आले.

त्यांनी काही पाहायच्या आधीच मी सगळं सांगितलं. "जाळी माझी होती, सर. तुमचं बरोबर होतं."

"स्वल्प बाजूला हो," म्हणाले आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. टेबलावरचं ऊन सरकत भिंतीवर गेलं तरी ते उठेनात. मी बोलणी खायला तयार होऊन उभी होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"जिवंत आहेत अजून," ते म्हणाले. डोळा पुसला. "हिला दाखवायला हवं होतं."

त्यांच्या पत्नी दिवाळीआधी गेल्या होत्या.

"दवाखान्यात मी तिच्याजवळ बसायचो ना, तर ती मलाच सांगायची, एवढी वर्षं फुकट गेली म्हणून मनाला लावून घेऊ नका. शेवटच्या दिवसांत ती माझी समजूत घालत होती गं. मी तिची नाही."