मागच्या स्पारवरची सात भोकं

आमच्या ऑफिसात एकदा माझा सत्कार झाला. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत शाल बरी दिसत नाही म्हणून एक रोपटं दिलं, आणि मोठ्या पडद्यावर माझ्या घरच्या पार्किंगमधल्या विमानाचे फोटो दाखवले. फोटोंखाली लिहिलं होतं, ‘एकट्याने विमान बांधणारा माणूस’. मी पंधरा मिनिटं बोललो. जिद्द, चिकाटी, शनिवार-रविवारची साधना. कुणीतरी विचारलं, एकट्याला जमतं कसं? मी म्हणालो, हळूहळू जमतं.

त्या फोटोंत ज्यांचा हातसुद्धा दिसू नये म्हणून मी त्यांना बाजूला व्हायला सांगत असे, ते फिटर त्या वेळी उरवड्याच्या एका कारखान्यात पाळीवर उभे होते.

हे मी मन हलकं करायला लिहीत नाही. माझं मन जड आहे ते तसंच राहू दे. मला राग आलेला आहे, आणि त्यातला निम्मा कुणावर काढायचा हे मला अजून नीट कळलेलं नाही. उरलेल्या निम्म्याचा मालक मी आहे.

मी अकोल्याकडचा. नोकरीसाठी इकडे आलो आणि भुकूमला रो-हाऊस घेतलं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परदेशातून दोन माणसांच्या छोट्या विमानाचं किट मागवलं. लांबलचक लाकडी खोकी ट्रकमधून उतरली तेव्हा सोसायटीत सगळ्यांना वाटलं, मॉड्युलर किचन आलं. आत ॲल्युमिनियमचे कापलेले पत्रे, पट्ट्या, नकाशे आणि पत्रे जोडायचे हजारो रिव्हेट. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात, हे मला खोकी उघडल्यावर समजलं. एकाने पुढून रिव्हेट ठोकायची हवेची बंदूक धरायची आणि दुसऱ्याने पत्र्यामागे लोखंडी ठोकळा टेकवायचा. त्या ठोकळ्याला कारखान्यात डॉली म्हणतात. डॉली जरा हलली तर रिव्हेट वाकडा बसतो.

फिटर आले ते पार्किंगवर पत्र्याचं छप्पर टाकायला. टेबलावर मी सरावासाठी रिव्हेट मारलेली पट्टी पडलेली होती. त्यांनी ती उचलून उन्हाकडे धरली.

“ह्ये कुनी केलंय?”

“मी.”

“मग शिकायला लागंल,” ते म्हणाले, आणि छप्पर टाकून झाल्यावर शिकवायलाच थांबले.

गुरुवारी इकडच्या कारखान्यांना सुट्टी असते आणि गुरुवारी मी घरून काम करतो. त्यामुळे शनिवार-रविवारची साधना वगैरे खोटं. विमान झालं ते गुरुवारी, लॅपटॉपवर मीटिंग चालू ठेवून आणि माझा माईक बंद करून. सव्वीस वर्षं पत्र्याचं काम केलेला तो माणूस रिव्हेट बसला की नाही हे आवाजावरून सांगायचा. मग अंगठ्याचं नख ओळीवरून फिरवायचा. नख कुठे अडलं की रिव्हेट काढायचा आणि पुन्हा मारायचा. मी त्यांना भाऊ म्हणत असे, ते मला सायब. शेपटीचे हलते भाग, ज्यांनी विमान वर-खाली होतं, ते जवळजवळ पूर्ण त्यांनी केले. तिथे मी फक्त डॉली धरली.

ओळ संपली की ते खिशातून मार्कर काढून शेवटच्या रिव्हेटशेजारी छोटा त्रिकोण काढत. ही त्यांच्या कारखान्यातली पद्धत. प्रत्येक फिटरची खूण वेगळी, म्हणजे माल परत आला तर तो कुणाच्या हातचा हे विचारावं लागत नाही. “काम माघारी आलं तर आपल्या दारात यावं,” ते म्हणत, “दुसऱ्याच्या न्हाई.”

ते घरी गेले की मी थिनरने तो त्रिकोण पुसत असे आणि मग फोटो काढत असे. हौशी विमानाचा नियम असा, की निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतः केलेलं हवं. आणि त्याची फोटोंसकट वही ठेवायची. नियमाला भाऊंची अडचण नव्हती. त्यांचं काम खरं लिहिलं असतं तरी माझं काम निम्म्याच्या वर भरलं असतं. मला सगळंच माझं हवं होतं.

एकदा त्यांनी विचारलं, “पुसलं व्हय?” मी म्हणालो, शाईवर प्रायमर धरत नाही. त्यांनी मान हलवली. त्या दिवशीही ओळ संपल्यावर त्रिकोण काढला.

मग एका गुरुवारी ते भाचीच्या लग्नाला गेले. मला थांबवेना. रविवारी मी एकट्याने पंखाच्या मागच्या स्पारला ड्रिल लावलं. स्पार म्हणजे पंखाच्या आत लांबीभर जाणारी दांडी. पंखाचा भार तिच्यावर. भोकाचं केंद्र पट्टीच्या कडेपासून निदान रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट आत हवं, नाहीतर भोकातून कडेकडे चीर जाते. पत्रा जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना असतात, त्या मी आळसाने अर्ध्याच लावल्या. पट्टी सरकली. सात भोकं कडेला गेली. ते दिसत असूनही मी त्यांत रिव्हेट मारले आणि वर प्रायमर फासला.

पुढच्या गुरुवारी भाऊंनी तिथे नख टेकवलं. “सायब, ह्ये काढायला लागंल. हितनं चीर जानार.”

नवी स्पार परदेशातून यायला तीन महिने. मी म्हणालो, बघू. ते म्हणाले, “बगायचं काय त्यात?” पण विमान माझं होतं.

त्याच सुमारास ठेकेदाराने त्यांच्या पाळीतली माणसं कमी केली आणि भाऊ घरी बसले. माझं विमान तपासायला अधूनमधून एक निवृत्त गृहस्थ येत. त्यांचं आयुष्य विमानांच्या दुरुस्तीत गेलेलं, आणि माझ्या वहीवर सही त्यांची. जांब्याला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, मानवरहित विमानांचे सांगाडे करतात, आणि पत्र्याच्या कामाला चांगला हात त्यांना मिळत नव्हता. मीच भाऊंना सांगितलं की ते गुरुवारी येतायत, तुम्ही थांबा, तुमचं काम दाखवतो. ही कल्पना माझी होती, हे मुद्दाम नोंदवतो.

भाऊ त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. तपासनीस शेपटीपासून सुरू झाले. भाऊंनी दिवा धरला होता. तपासनीस एकेका ओळीवरून भिंग फिरवत गेले आणि उभे राहून म्हणाले, “वा. हा हात कुणाचा?”

“माझाच,” मी म्हणालो.

तोंडाला सवय लागली होती. एवढीच सबब आहे, आणि ती सबब नाही हे मला कळतं. मनात म्हटलं, चहाच्या वेळी सांगू. भाऊंच्या हातातला दिवा हलला नाही.

मग तपासनीस मागच्या स्पारपाशी गेले. प्रायमर खरवडला, कॅलिपर लावला, एक एक करून सातही भोकं मोजली. “हे कोणी केलं?”

मी म्हणालो, “ते यांचं काम.”

तपासनिसांनी भिंग मिटलं. “वाटलंच मला. ही ग्रिल-शटरवाली माणसं.” मग थेट भाऊंना, “किती वर्षं करताय हे?”

“सव्वीस.”

“सव्वीस वर्षांत कडेपासून किती सोडायचं हे कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलंय,” भाऊ म्हणाले. ते तपासनिसांकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते, आणि घाईत नव्हते. मला वेळ देत होते.

मी खाली पडलेली एक पीन उचलायला वाकलो.

वर बघितलं तेव्हा ते दिव्याची वायर गुंडाळत होते. नीट गुंडाळली, दिवा टेबलावर ठेवला आणि गेले. सोसायटीच्या फाटकावर थांबून त्यांना रजिस्टरमध्ये जायची वेळ लिहावी लागली. प्रत्येक गुरुवारी लागत असे. तपासनिसांना नाही. माझ्या ऑफिसातले मित्र गाडीची काचही खाली न करता आत येतात.

माझा राग इथला आहे. मी काही मोठा खोटारडा नाही. मला नीट खोटं बोलताही येत नाही. बायकोला विचारा. पण त्या दिवशी तीन शब्द बोललो आणि ते लगेच खपले. जो माणूस अर्ध्या मिलिमीटरसाठी कॅलिपर काढतो, त्याला माझं वाक्य मोजून बघावंसं वाटलं नाही. एकाच विमानात, एकाच बंदुकीने, सुंदर ओळी लॅपटॉपवाल्याने मारल्या आणि सव्वीस वर्षांच्या फिटरने भोकं चुकवली, हे त्यांना सरळ वाटलं! त्यांनी दोघांना एक-एक पट्टी दिली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. खरं काय ते आधीच ठरलेलं होतं. मी फक्त ते वापरलं. शेजारच्या गृहस्थांनी पूर्वी एकदा मला भाऊंचं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं, तर म्हणाले, “अच्छा.” पुढे काही नाही. स्पारची गोष्ट कळल्यावर तेच मला समजावायला आले, की अशा लोकांवर फार विसंबू नये. मी त्यांना चहा पाजला. संताप आला तो नंतर, ते गेल्यावर, कप धुताना. असला संताप काय कामाचा?

आणि त्रिकोण. सात भोकांशेजारी त्रिकोण नव्हता. तेवढी एक खूण भाऊंना सोडवायला पुरेशी होती. पण मी विमानावर एकही त्रिकोण ठेवला नव्हता, त्यामुळे नसण्याला काही अर्थच उरला नव्हता.

तीन आठवडे मी काहीही केलं नाही. मग तपासनिसांचा फोन आला. त्यांना शेपटीच्या ओळी आठवत होत्या. सुट्टीच्या दिवशी जांब्याला येऊन थोडं काम कराल का, म्हणाले, तुमच्यासारखा हात मिळत नाही. जांब्याचं जे काम भाऊंना मिळायचं ते हुकलंच होतं, आता तेच माझ्यापुढे ठेवलं जात होतं. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि गाडी काढून उरवड्याला गेलो.

दोन वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. विचारत विचारत विहाराच्या मागच्या गल्लीत पोचलो. भाऊ अंगणात पत्र्याची लांब पन्हळ वाकवत होते. गावातल्या छपरांची कामं घ्यायला लागले होते. त्यांनी बघितलं आणि काम चालू ठेवलं. वहिनींनी खुर्ची आणि पाणी आणून दिलं.

“तुमीच का ते इमानवाले?”

मी हो म्हणालो.

“बरं झालं आला. आमचं मालक शटर केलं तरी सरळ करत्यात, येवडं सांगायचं व्हतं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी माफी मागितली. बरंच बोललो. घाबरलो होतो, चूक झाली, रात्रंदिवस मनाला लागून राहिलं आहे. भाऊंनी पन्हळीची कड हातोडीने बसवली, ती संपेपर्यंत ऐकून घेतलं.

“हितं कशाला सांगताय?” ते म्हणाले. “मला ठावंच हाय. ज्याला ठावं न्हाई त्याला सांगा.”

“सांगतो. आज संध्याकाळीच—”

“आत्ता लावा. मोठ्यानं ऐकू यील असं.”

मी फोन स्पीकरवर टाकला. तपासनिसांना वाटलं कामाचं उत्तर द्यायला फोन केला आहे. मी सांगितलं, ती सात भोकं माझी. भाऊंनी ती काढायला सांगितली होती, मी ऐकलं नाही. मग त्यांनी विचारलं, “आणि शेपटी?”

भाऊंचा हात थांबला होता.

“शेपटीही त्यांची,” मी म्हणालो. “वहीत माझ्या नावावर आहे.”

ते मला जे बोलले ते योग्यच होतं. अशा वहीवर त्यांची सही राहणार नाही, एवढं सांगतो. माझं विमान त्या क्षणी कागदावर पुन्हा पत्र्यांचा ढीग झालं. मग ते म्हणाले, फोन त्यांना द्या.

भाऊंनी पन्हळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, हात पँटला पुसले आणि फोन घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मी पन्हळ धरून उभा. काही ऐकू येत नव्हतं. ते फार कमी बोलत होते.

परत आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले?

“सोमवारी बोलावलंय. तीन पट्ट्या मारून दाखवा म्हन्ले, मग बगू.” त्यांनी फोन माझ्या खिशात सरकवला, कारण माझे हात गुंतले होते. “तुमी संगं यायचं न्हाई.”

मी म्हणालो, पट्ट्या कशाला? शेपटी बघितलीय की त्यांनी, स्वतः वाखाणलीय. तीच तुमची आहे हे कळल्यावर आता पुन्हा परीक्षा कसली? माझा आवाज चढला होता. मला तर त्यांनी नुसत्या शब्दावर काम देऊ केलं होतं, एकही पट्टी न मागता.

“सायब,” भाऊ म्हणाले, “टोक खाली आलंय. वर धरा.”

मी वर धरलं.