रुमालाखालचा हात

खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या पंजावर पसरायचा आणि समोरच्याकडे न बघता म्हणायचं, "हात घाल." घोडेगावच्या बैलबाजाराला लागून माझं चहाचं हॉटेल आहे. असं म्हणणारा हा चाळिशीचा बाप्या रोज माझ्या बाकड्यावर बसायचा.

बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून जनावराचा सौदा ठरवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. याला सौद्याचं काही नव्हतं. उघड्या अंगाला कुणी हात लावला की हा कान झाकून किंचाळायचा. रुमालाखाली मात्र चालायचं. ही युक्ती त्याच्या थोरल्या भावाची. बाप व्यापारी, त्यामुळे दोघं बाजारातच वाढले. गर्दीत धाकटा बिथरला की थोरला रुमाल टाकायचा आणि त्याचा हात धरून बसून राहायचा. बघून बरं वाटायचं हो.

चहा दिला की पहिला सवाल ठरलेला. "साय न्हाई ना?"

"गाळलाय रे बाबा."

"परत गाळ."

"मेल्या, तुझ्यापायी गाळणं झिजलं माझं."

मग तो गाळणं उजेडात धरून नीट बघायचा. "न्हाई झिजलं."

नगरच्या डॉक्टरांनी त्याला स्वमग्न म्हटलं. गावाला ते कुठलं झेपायला? गाव येडाच म्हणत राहिलं. थोरल्याचं लग्न जमवताना तर पाहुण्यांना सांगितलं, मुलगा एकुलता एक आहे. पुढे ते फुटलं, सासरच्यांनी तमाशा केला आणि थोरला बायकोला घेऊन पुण्याला गेला. तिकडे प्लॉटची दलाली करू लागला. गावाकडे फिरकला नाही.

बाप आधीच गेला होता, मग आई गेली. दहाव्याला थोरला आला. आता धाकट्याला कोण बघणार, हाच सगळ्यांना घोर. मी म्हटलं, "घेऊन जा रे. जीव हाय त्याचा तुझ्यावर."

"तयारीनंच आलोय, मावशी," तो म्हणाला. मला हायसं वाटलं.

चुलते आणि भावकी घेऊन तो बाकड्यापाशी आला. धाकट्यानं मान वर केली नाही, पण ओळखलं. रुमाल पसरला. "दादा, हात घाल."

थोरल्याचा चेहराच उतरला. "आईच्या दहाव्याला वाटणीचा सौदा? कुणी शिकवलं याला?"

"अरे, तूच शिकवलंस की," मी म्हटलं. "सौदा न्हाई मागत तो, हात मागतोय."

"तुम्ही मधे पडू नका, मावशी."

त्यानं रुमाल बाजूला सारला आणि उठवायला म्हणून धाकट्याचं मनगट धरलं. धाकटा असा किंचाळला की दावणीची जनावरं उधळली. चारचौघांत थोरल्याची मान खाली गेली. "याला घरात कसा ठेवू?" एवढंच म्हणाला. त्याच संध्याकाळी चुलत्यांनी धाकट्याला धरून गाडीत घातलं आणि पुण्याकडच्या कुठल्याशा आश्रमात नेऊन टाकलं.

माझा राग अजून गेलेला नाही. तरी परवा न राहवून थोरल्याला फोन लावला. "कसा हाय रे तो?"

"एकदम शांत झालाय, मावशी. कुणीही हात धरा, दंड धरा, ओरडत नाही. बोलतही नाही कुणाशी. सुधारला."

त्याच्या आवाजात समाधान होतं.